बेस ऐकू येत नाही म्हणून हजार वॅटचा ॲम्प घ्यायचा का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे माझी समजण्यात काही चूक होत असेल तर लगेच कळेल. पाच जणांचा बँड, एक गायिका, एक गिटार, कीबोर्ड, ड्रम्स आणि बेसवर तुम्ही. महिन्याला तीनचार शो, कधी ५०-६० लोकांची छोटी जागा, कधी ३०० लोकांचा हॉल, कधी उघड्यावर. तुमच्याकडे चार तारांचा साधा पॅसिव्ह (आत बॅटरी नसलेला) बेस आहे आणि घरच्या सरावासाठी घेतलेला ३० वॅटचा, आठ इंची स्पीकरवाला ॲम्प. शो झाल्यावर लोक सांगतात की बेस ऐकूच आला नाही. म्हणून तुम्ही विचारताय की १००० वॅटचा ॲम्प घेऊ, पाच तारांचा ॲक्टिव्ह बेस घेऊ, की सगळ्यांनी पैसे जमवून सबवूफरसकट साउंड सिस्टिमच घेऊया.

मी वीसएक वर्षं बेस वाजवतोय आणि त्यातली निम्मी वर्षं दुसऱ्या बँडसाठी मिक्सरवरही बसतोय, त्यामुळे हे दुखणं स्टेजवरून आणि हॉलच्या मागच्या टोकावरून अशा दोन्ही बाजूंनी पाहिलंय. खरेदीचं बोलण्याआधी मला एकच विचारायचंय. बेस ऐकू येत नाही, पण कुणाला? तुम्हाला स्वतःला? तुमच्या ड्रमरला आणि गायिकेला? की समोर बसलेल्या लोकांना? ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि तिन्हींची औषधं वेगळी आहेत, आणि बहुतेक लोक तिसऱ्या दुखण्यासाठी पहिल्याचं औषध विकत आणतात, म्हणजे समोरच्यांना ऐकू येत नाही म्हणून स्टेजवर मोठा ॲम्प. तो आवाज स्टेजवरच साचतो, गायिकेच्या माइकमध्ये शिरतो, साउंडवाला तुम्हाला मिक्सरवर आणखी खाली ओढतो, आणि लोकांचं म्हणणं जिथल्या तिथेच राहतं.

मोठ्या ॲम्पची ही कल्पना आली कुठून तेही बघा. १९६९ मध्ये अँपेग कंपनीने एसव्हीटी हा बेसचा ॲम्प काढला तेव्हा तो ३०० वॅटचा होता, आणि त्याच्याखाली दहा इंची आठ स्पीकरची अशी प्रचंड कॅबिनेटं, म्हणजे स्पीकरच्या पेट्या, लावायचे. तेव्हा हॉलच्या मोठ्या सिस्टिमवर मुख्यतः गायकाचाच आवाज असायचा, बेस शेवटच्या खुर्चीपर्यंत नेणं हे बेसिस्टच्या ॲम्पचंच काम होतं. त्याच्या हेडचं, म्हणजे स्पीकर सोडून नुसत्या ॲम्पचं, वजनच जवळपास चाळीस किलो. आज बेस वायरने मिक्सरला जातो आणि तिथून हॉलच्या स्पीकरला. म्हणजे बऱ्याच ठिकाणी तुमचा ॲम्प हा तुमचा स्वतःचा मॉनिटर, म्हणजे तुम्हालाच ऐकू येण्यासाठीचा स्पीकर, झालाय. ज्या जागी हॉलची सिस्टिमच नाही किंवा असून त्यात फक्त गाणं जातं, तिथे मात्र ती जुनी जबाबदारी अजून तुमच्यावर आहे. तुमचे शो दोन्ही प्रकारचे आहेत असं दिसतंय, म्हणून उत्तर थोडं लांबणार.

वॅटचा हिशोब एकदा डोक्यात पक्का करून घ्या. पॉवर दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे कान देऊन ऐकलं तर कळतं एवढाच. कानाला दुप्पट मोठं वाटायला साधारण १० डेसिबल लागतात आणि त्यासाठी पॉवर दहापट लागते. म्हणून ५०० आणि १००० वॅटमध्ये किमतीचा फरक मोठा असला तरी आवाजाचा फरक तेवढाच, ३ डेसिबल. तोच फरक जास्त सेन्सिटिव्ह, म्हणजे तेवढ्याच वॅटला जास्त आवाज देणारं, कॅबिनेट घेऊन मिळतो, किंवा त्याच कॅबिनेटच्या शेजारी तसंच दुसरं ठेवून मिळतो आणि वर थोडा फायदाच होतो. बेसला हवा हलवावी लागते, हवा हलते ती कोनच्या क्षेत्रफळाने. तुमचा आठ इंची एक स्पीकर ड्रम्ससमोर हरणारच, त्यात तुमचं काही चुकलेलं नाही. तेव्हा मोठं काहीतरी लागेल हे खरंच आहे, फक्त ते वॅटच्या आकड्यावरून निवडू नका.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट, आणि ही फुकट आहे. चार तारांच्या बेसची मोकळी ई तार ४१ हर्ट्झला वाजते. स्टेजवरची बहुतेक छोटी कॅबिनेटं तिथवर पोचतच नाहीत, ६० च्या खाली गळायला लागतात. तरीही आपल्याला ई ऐकू येतो, कारण त्या सुराचे वरचे स्वरांश, ८२, १२३, १६४ असे, ऐकू येतात आणि खालचा सूर मेंदू स्वतःच भरून काढतो. म्हणजे बेस ‘ऐकू’ येतो तो मिड्समुळे, मधल्या पट्ट्यातल्या आवाजामुळे. आणि आपण बेसिस्ट घरी एकटे वाजवताना नेमकं उलटं करतो. बेसचा नॉब वर, ट्रेबल वर, मिड्स खाली. एकट्याने ऐकायला तो आवाज फार सुंदर लागतो, मलाही लागायचा, आणि ड्रम्स, गिटार सुरू झाले की तो जागच्या जागी विरघळून जातो.

एक प्रसंग सांगतो. ३०० खुर्च्यांचा हॉल होता, मी मिक्सरवर. साउंडचेक चालू, बेसिस्ट तरुण पोरगा, हात चांगला, पण हॉलमध्ये फक्त गुरगुर, सूर एकही कळेना. तो दर गाण्यानंतर मागे वळून ॲम्पचा बेस नॉब थोडा वर करायचा, गुरगुर वाढायची आणि सूर आणखी गायब. मी स्टेजवर गेलो, त्याला म्हटलं दोन मिनिटं माझ्यावर विश्वास ठेव. बेसचा नॉब सरळ मधे आणला, ५०० हर्ट्झच्या आसपासचा मिड थोडा उचलला, व्हॉल्यूम उलट थोडा कमीच केला. त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की हा आवाज त्याला आवडलेला नाही, नाकातून आल्यासारखा वाटतो म्हणाला. मग म्हटलं आता सगळे मिळून वाजवा. पहिल्या कडव्यातच गिटारवाला वळून त्याच्याकडे बघायला लागला आणि गाणं थांबल्यावर म्हणाला, अरे तू इथे हे वाजवतोस? दोन वर्षं ते दोघं एकत्र वाजवत होते.

तेव्हा आधी हे करून बघा. २५० ते ८०० हर्ट्झ या पट्ट्यात तुमचा बेस राहतो असं समजा आणि तिथे हात आखडता घेऊ नका. एकट्याने ऐकून टोन कधी ठरवू नका, बँड वाजत असताना ठरवा.

तुमच्या बँडमध्ये कीबोर्ड आहे हे वाचल्यावर मला जवळजवळ खात्रीच वाटली की अर्धी अडचण तिथे आहे. कीबोर्डवाला एकटा सराव करतो तेव्हा डाव्या हाताने बेस भरतो, सवयच असते ती, आणि तोच डावा हात स्टेजवर तुमच्या जागेत येऊन बसतो. दोघांचे सूर एकाच सप्तकात, थोडे पुढेमागे, मग दोन्ही चिखल. यावर कुठलाही ॲम्प उपाय नाही. त्याच्याशी मोकळेपणाने बोला, बेस असलेल्या गाण्यांत त्याने डावा हात एक सप्तक वर न्यावा किंवा सोडून द्यावा. गिटारवाल्यालाही सांगा की ॲम्पचा बेस नॉब कमी कर, त्याला एकट्याला पातळ वाटेल पण बँडमध्ये काही हरवणार नाही. ड्रमरच्या किकशीही (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमशी) वाटणी ठरवावी लागते, एकाने ६० च्या आसपास राहायचं आणि दुसऱ्याने ९०-१०० च्या, कोणी कुठे ते गाण्याच्या जातीवर ठरतं. मी साधारण तळ किकला देतो आणि बेस त्याच्या वर बसवतो, संथ गाण्यांत उलटं करतो.

आता बेसकडे येऊ. पाच तारांचा बेस घेतल्याने ऐकू येणं वाढणार नाही, हे स्पष्टच सांगतो. खालची बी तार ३१ हर्ट्झला वाजते, जे कॅबिनेट ४१ ला धापा टाकतंय ते ३१ ला काय करणार. पाचवी तार हवी ती गाण्यांसाठी, म्हणजे गायिकेच्या पट्टीमुळे गाणी डी किंवा ई फ्लॅटमध्ये जात असतील आणि तुम्हाला तो खालचा सूर सतत लागत असेल, किंवा एकाच जागी हात ठेवून जास्त सूर हवे असतील तर जरूर घ्या. घेताना ती बी तार मोकळी वाजवा, मग पाचव्या पडद्यावर दाबून तोच सूर शेजारच्या मोकळ्या ई तारेशी ताडून बघा. दोन्हींचा पोत सारखा वाटला पाहिजे. बी तार सैल दोरीसारखी लागत असेल तर तो बेस ठेवून द्या, कितीही देखणा असो.

चार तारांत राहणार असाल तर जगातले बहुतेक बेस दोन घराण्यांतून आलेत असं समजायला हरकत नाही. फेंडरचा प्रिसिजन १९५१ चा, त्याचा आजचा दोन तुकड्यांचा पिकअप (तारेच्या कंपनाचा विजेचा सिग्नल करणारा भाग) १९५७ पासूनचा, आणि जाझ बेस १९६० चा, दोन सिंगल कॉइल पिकअपवाला. कंपनी कुठलीही घ्या, हे दोन आराखडे भेटतातच. प्रिसिजनचा आवाज नैसर्गिकच खालच्या मिड्समध्ये भरलेला असतो, तो मिक्समध्ये आपोआप जागा धरतो, आणि मिक्सरवर बसलेला माणूस म्हणून सांगतो, प्रिसिजनवाला आला की माझं काम अर्धं होतं. जाझ बेसचा नेक नटजवळ, म्हणजे डोक्याकडच्या टोकाला, बारीक, ३८ मिलिमीटरच्या आसपास, लहान हाताला सोपा, टोन जास्त प्रकारचे निघतात. पण दोन्ही पिकअप पूर्ण उघडे ठेवले की मिड्समध्ये खड्डा पडतो, म्हणून गर्दीच्या बँडमध्ये त्यातला एक थोडा मागे घ्या, लगेच आवाज पुढे येतो. थोडी घरघर वाढेल, कारण दोन्ही पिकअप सारखे उघडे असतानाच ती एकमेकांत खोडली जाते. कुठला घ्यायचा हे तुमच्या हाताला आणि खांद्याला विचारा. दुकानात बसून नाही, उभं राहून पट्टा लावून अर्धा तास वाजवा, हात सोडल्यावर नेक खाली पडतो का बघा, कारण तीन तासांच्या शोमध्ये डावा हात नेक उचलून धरण्यात दमला तर बोटं चालत नाहीत.

ॲक्टिव्ह म्हणजे बेसच्या आत बॅटरीवर चालणारा प्रीॲम्प, सिग्नल आधीच उचलून देणारा छोटा ॲम्प. म्युझिक मॅनच्या स्टिंगरेने १९७६ मध्ये ही गोष्ट घरोघर नेली. फायदा खरा आहे, लांब केबलने आवाज बोथट होत नाही, टोन हाताशी राहतो. पण ९ व्होल्टची बॅटरी उतरायला लागली की आवाज आधी फाटतो, मग दबतो, मग जातो. माझी बॅटरी एकदा गाण्याच्या मधोमध गेली, हातात बेस आहे, बोटं चालतायत आणि मागून काही नाही, ती दोन मिनिटं मी विसरलेलो नाही. तेव्हापासून बॅटरी दर काही शोंनंतर वाजत असली तरी बदलतो आणि वाजवून झालं की जॅक काढून ठेवतो, कारण बहुतेक ॲक्टिव्ह बेसमध्ये जॅक आत असला की बॅटरी चालूच राहते.

आणि खरं सांगायचं तर तुमचा आत्ताचा बेस विकू नका. त्याला नवीन तारा लावा आणि नीट सेटअप करून घ्या, नेकचा बाक, तारांची उंची, आणि बाराव्या पडद्यावरचा सूर मोकळ्या तारेच्या बरोबर दुप्पट येतोय ना ते. सूर जरासा बेसूर असला की तो गिटार-कीबोर्डच्या सुरांशी भांडतो आणि लोकांना ते भांडण ‘बेस अस्पष्ट आहे’ असं ऐकू येतं. अमेरिकेतल्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा बेसिस्ट जेम्स जेमरसन याने तिच्या असंख्य रेकॉर्डिंगवर १९६२ चा एकच प्रिसिजन वाजवला, जाड सपाट तारांचा, आणि तोही उजव्या हाताच्या एका बोटाने.

ॲम्पचं म्हणाल तर तुमच्यासारख्या बँडला मी ३०० ते ५०० वॅटचं हलकं क्लास डी हेड आणि एक चांगलं कॅबिनेट, दहा इंची दोन स्पीकरचं किंवा बारा इंची एकाचं, असं सुचवेन. हेड दोनतीन किलोचं, पिशवीत मावतं. कॅबिनेट ८ ओहमचं (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) घ्या. याचं कारण असं की बरीच हेड कमीत कमी ४ ओहमवर चालतात, आणि ८ ओहमची दोन कॅबिनेटं जोडली की बरोबर ४ ओहम होतात, म्हणजे उद्या मोठ्या जागेसाठी तसंच दुसरं घेऊन जोडता येतं. आज ४ ओहमचं घेतलंत तर तो रस्ता बंद. जाहिरातीत ५०० वॅट लिहिलेले असतात ते बहुधा ४ ओहमवरचे, एका ८ ओहमच्या कॅबिनेटवर त्यातले साधारण ३०० मिळतात, तेवढे छोट्या जागेला पुरतात. हेडपासून कॅबिनेटपर्यंत स्पीकर केबलच लावा, गिटारची केबल दिसायला तशीच असली तरी तिची तार बारीक असते, ती तापते आणि हेडही घेऊन जाते. व्हॉल्व्हचा ॲम्प कुणाचा वापरायला मिळाला तर कॅबिनेट जोडल्याशिवाय तो चालू करू नका, आतला ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

कॅबिनेट जमिनीवर आणि तुम्ही त्याला चिकटून उभे, असं असेल तर मिड्स तुमच्या गुडघ्यांना ऐकू येतात, कानाला नाही. ते खुर्चीवर किंवा स्टँडवर ठेवा, थोडं मागे तिरकं करा, नाहीतर स्वतः दोन पावलं पुढे जा. असं केल्यावर ‘मला स्टेजवर ऐकू येत नाही’ म्हणणाऱ्या कितीतरी जणांनी नवीन ॲम्पचा विचार सोडून दिलेला मी पाहिलाय.

समोरच्या लोकांना बेस पोचवणारी वस्तू म्हणजे डीआय बॉक्स. बेसचा नाजूक सिग्नल तो बॅलन्स्ड करून मिक्सरला पाठवतो, मग ३० मीटर केबल असली तरी आवाज बिघडत नाही. पॅसिव्ह बेस थेट मिक्सरच्या लाइन इनपुटमध्ये खुपसला तर तो मेलेला, बोथट ऐकू येतो, कारण त्याच्या पिकअपला १ मेगओहमच्या आसपासचं इनपुट लागतं आणि लाइन इनपुट असतं १० किलोओहमच्या घरातलं. पॅसिव्ह बेसला ॲक्टिव्ह डीआय चांगला, तो मिक्सरच्या ४८ व्होल्ट फँटम पॉवरवर, म्हणजे माइकच्या केबलमधूनच येणाऱ्या विजेवर, चालतो. बऱ्याच हेडमध्ये डीआय असतोच, त्यावरचं प्री-पोस्ट बटण प्रीवर ठेवा, म्हणजे तुम्ही स्टेजवर नॉब फिरवलेत तरी हॉलचा आवाज हलणार नाही, साउंडवाला दुवा देईल. गुणगुण आली तर ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून बघा. तरी वेगळा डीआय स्वतःच्या पिशवीत ठेवाच. एका शोमध्ये भाड्याच्या सिस्टिमसोबत आलेला डीआय अर्ध्या कार्यक्रमात खरखरायला लागला, त्यांच्याकडे दुसरा नव्हता, आणि उरलेले दीड तास हॉलमध्ये बेस नव्हताच. त्या दिवशी माझ्याकडे १००० वॅट असते तरी काही उपयोग नव्हता.

बँडने मिळून साउंड सिस्टिम घ्यावी का, हे तुमच्या किती शोंमध्ये आयोजकाची सिस्टिम असते त्यावर आहे. निम्म्याहून जास्त ठिकाणी असते, तर घेऊ नका, भाड्याने आणा. तुम्हालाच सगळं न्यावं लागत असेल तर मात्र दोन बारा इंची पॉवर्ड टॉप (आतच ॲम्प असलेले मुख्य स्पीकर) आणि एक पंधरा किंवा अठरा इंची सब, एवढ्यावर १००-१५० लोकांचं काम नीट होतं. सब आल्यावर बेस आणि किक त्यात जाऊ द्या, गायिकेच्या आणि इतर माइकचं १०० हर्ट्झच्या खालचं सगळं मिक्सरवर हाय-पास लावून कापा, आणि बेसलाही ३५-४० च्या खाली कापा, चार तारांच्या बेसचा तिथे सूर नसतो, कोन मात्र उगाच दणाणतो. सब ठेवण्याची जागा सबच्या कंपनीपेक्षा महत्त्वाची आहे. भिंतीपासून साधारण एक मीटरवर ठेवला तर भिंतीवरून परत येणारी लाट ८० हर्ट्झच्या आसपास मूळ आवाजालाच खोडते, आणि ८० म्हणजे नेमका तुमच्या बेसचा गाभा. म्हणून भिंतीला पार चिकटवा. दोन सब असतील तर डावा-उजवा असे लांब ठेवण्यापेक्षा छोट्या हॉलमध्ये दोन्ही एकत्र ठेवा, नाहीतर मधल्या रांगेत धडधड आणि बाजूच्या खुर्च्यांवर काहीच नाही असं होतं.

आवाज वाढवत जाताना कानांचाही विचार करा. अमेरिकेतल्या एनआयओएसएच या संस्थेची मर्यादा ८५ डेसिबलला ८ तास आहे आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. ड्रम्सच्या शेजारी उभे राहणारे आपणच असतो. संगीतकारांसाठीचे इअरप्लग घ्या, पहिल्या ॲम्पच्या आधी घेतलेत तरी चालेल.

तुमच्या जागी मी असतो तर क्रम असा लावला असता: तारा आणि सेटअप, मग मिड्स आणि कीबोर्डवाल्याशी बोलणं, मग डीआय, मग हेड आणि एक ८ ओहमचं कॅबिनेट, आणि पाचवी तार किंवा सिस्टिम त्यानंतर, गाण्यांना आणि शोंना गरज असेल तर. उघड्यावरचे शो जास्त असतील तर कॅबिनेट दोन लागतील, कारण तिथे भिंती नसतात आणि खालचा आवाज टिकायला काही आधार नसतो.

पुढच्या शोच्या साउंडचेकला एक काम नक्की करा. लांब केबल किंवा वायरलेस लावून हॉलच्या मध्यापर्यंत वाजवत चालत जा, एका खुर्चीपाशी ई तार घुमेल आणि चार पावलांवर तीच नाहीशी होईल, हे खोलीचं काम आहे, तुमच्या ॲम्पचं नाही, त्यामुळे एकाच जागी उभं राहून नॉब फिरवू नका. मग बेस मित्राच्या हातात द्या, सगळा बँड वाजू दे आणि तुम्ही मधल्या रांगेत फोनवर एक गाणं रेकॉर्ड करा. फोनच्या छोट्या स्पीकरला खालचा आवाज झेपतच नाही, म्हणून त्यावर ऐकताना बेसचे सूर ओळखू आले तर मिड्स जागेवर आहेत. नाही आले तर ते रेकॉर्डिंग, तुमच्या ॲम्पच्या नॉबचा फोटो आणि हॉलची सिस्टिम कोणती होती एवढं मला पाठवा, मग नेमकं कुठलं कॅबिनेट घ्यायचं ते आपण बसून ठरवू.